धातू आणि अधातू यांच्या रासायनिक गुणधर्मांत ठाम फरक कोणता?

प्रश्न असा आहे: धातू आणि अधातू यांची तुलना करणारा तक्ता पाठ केला, तरी त्यातील जवळपास प्रत्येक विधानाला अपवाद निघतो. धातूंची ऑक्साइडे आम्लारिधर्मी म्हणावीत, तर ॲल्युमिनिअमचे ऑक्साइड आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही (म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीतही). अधातूंची ऑक्साइडे आम्लधर्मी म्हणावीत, तर कार्बन मोनॉक्साइड लिटमसला दाद देत नाही. धातू विरल आम्लातून हायड्रोजन मुक्त करतात म्हणावे, तर तांब्याचा तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात नुसता पडून राहतो. मग या दोन गटांत ठामपणे सांगता येईल असा रासायनिक फरक आहे तरी कोणता?

रसायनशास्त्र शिकवताना आणि प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांसोबत काम करताना हा प्रश्न मला अनेकदा भेटला आहे, आणि तो विचारणाऱ्या विद्यार्थ्याला विषय समजू लागला आहे असे मी धरून चालतो. तक्ता चुकीचा नाही; परंतु त्यात सगळे परिणाम मांडलेले असतात आणि त्यांच्या मागचे कारण बहुधा एका ओळीत उरकलेले असते. ते कारण म्हणजे अणूची आपल्या बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनांवर असलेली पकड. धातूंच्या अणूंची ही पकड सैल असते, अधातूंची घट्ट असते, आणि ऑक्साइड, क्लोराइड, आम्ल, पाणी यांच्याशी निगडित असलेले सारे फरक या एका गोष्टीतून उगवतात. ही पकड एका मूलद्रव्याकडून दुसऱ्याकडे जाताना हळूहळू बदलत असल्यामुळे, सीमेवरच्या मूलद्रव्यांच्या बाबतीत तक्त्यातील विधाने डळमळीत होणे अगदी स्वाभाविक आहे.

पकड हा शब्द मोघम वाटू नये म्हणून काही आकडे देतो. सोडिअमच्या वायुरूप अणूंपासून एकेक इलेक्ट्रॉन दूर करण्यासाठी मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक मोठी संख्या) 496 किलोज्यूल ऊर्जा लागते. तीच क्लोरीनसाठी 1251 आणि फ्लुओरीनसाठी 1681 किलोज्यूल लागते. सोडिअमचा पहिला इलेक्ट्रॉन असा तुलनेने स्वस्तात निघतो, पण दुसरा काढायला 4562 किलोज्यूल मोजावे लागतात, कारण तो आतल्या भरलेल्या कवचातला असतो. मॅग्नेशिअममध्ये ही उडी दोन इलेक्ट्रॉनांनंतर दिसते: 738, मग 1451, आणि तिसऱ्याला एकदम 7733. सोडिअमची संयुजा (संयोग पावण्याची क्षमता) 1 आणि मॅग्नेशिअमची 2 का, याचे उत्तर या आकड्यांतच आहे. बंधात असताना इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची क्षमता विद्युतऋणतेने मोजतात. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी 1932 साली मांडलेल्या मोजपट्टीवर सीझिअमचे मूल्य 0.79, सोडिअमचे 0.93, हायड्रोजनचे 2.20, क्लोरीनचे 3.16 आणि फ्लुओरीनचे 3.98 आहे. धातू साधारणपणे या पट्टीच्या खालच्या भागात राहतात आणि अधातू वरच्या भागात.

येथे एका रूढ वाक्याची दुरुस्ती केली पाहिजे, कारण त्यातून पुढे बरेच गैरसमज होतात. 'सोडिअम इलेक्ट्रॉन देण्यास उत्सुक असतो' असे आपण सहज म्हणतो. वरचा आकडा मात्र सांगतो की सोडिअमकडूनही इलेक्ट्रॉन काढून घ्यावाच लागतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. क्लोरीनच्या अणूने तो इलेक्ट्रॉन स्वीकारला की मोलमागे सुमारे 349 किलोज्यूल ऊर्जा परत मिळते. म्हणजे केवळ या देवघेवीत 147 किलोज्यूलचा तोटाच आहे. हा तोटा भरून निघतो तो तयार झालेले धन आणि ऋण आयन, म्हणजे प्रभारित अणू, एकमेकांजवळ येऊन मिठाचा स्फटिक रचतात तेव्हा, कारण त्या रचनेत मोलमागे सुमारे 787 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. त्यामुळे एखादा धातू अभिक्रिया करील की नाही, हे त्या धातूच्या एकट्याच्या स्वभावावर ठरत नाही. समोर कोण आहे आणि अखेरीस कोणते संयुग तयार होणार आहे, हे सारे त्या हिशेबात येते. धातूंचे विशेष इतकेच, की त्यांच्या बाबतीत हिशेबातला पहिला खर्च परवडण्याजोगा असतो.

आता ऑक्साइडांकडे वळू. धातू आणि अधातू यांच्यातील सर्वांत बोलका फरक मला येथेच दिसतो, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

सोडिअम हायड्रॉक्साइड आणि हायपोक्लोरस आम्ल या दोन संयुगांची रचना शेजारी शेजारी लिहून पाहा. पहिल्यात सोडिअमला ऑक्सिजन जोडलेला आहे आणि त्या ऑक्सिजनला हायड्रोजन. दुसऱ्यात क्लोरीनला ऑक्सिजन जोडलेला आहे आणि त्या ऑक्सिजनलाही हायड्रोजनच. दोन्हीकडे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी तीच असूनही एक तीव्र आम्लारी आहे आणि दुसरे आम्ल आहे, जरी सौम्य असले तरी. फरक पडतो तो साखळी कुठे तुटते यावर. सोडिअमची इलेक्ट्रॉनांवरची पकड इतकी सैल असते की सोडिअम आणि ऑक्सिजन यांच्यात खऱ्या अर्थाने इलेक्ट्रॉनांची भागीदारी होतच नाही. पाण्यात ते आयन म्हणून वेगळे होतात आणि हायड्रॉक्साइड आयन मोकळा होतो. क्लोरीन मात्र ऑक्सिजनशी असलेला बंध सोडत नाही, उलट त्याच्याकडील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. त्यामुळे पलीकडचा ऑक्सिजन-हायड्रोजन बंध कमकुवत होतो आणि पाण्यात हायड्रोजन आयन सुटतो. क्लोरीनवर आणखी ऑक्सिजन अणू लादले की ही ओढ वाढत जाते आणि त्याच क्लोरीनपासून परक्लोरिक आम्ल मिळते, जे अत्यंत तीव्र आम्लांपैकी एक आहे. ऑक्साइड आम्लारिधर्मी की आम्लधर्मी, हा प्रश्न अखेर साखळी ऑक्सिजनच्या अलीकडे तुटते की पलीकडे, या प्रश्नाशी येऊन थांबतो.

हे कळल्यावर आवर्तसारणीतील तिसरे आवर्त डावीकडून उजवीकडे चालत गेल्यास सारा क्रम नजरेसमोर उभा राहतो. सोडिअमचे ऑक्साइड पाण्याशी जोमाने अभिक्रिया करून तीव्र अल्कली देते. मॅग्नेशिअमचे ऑक्साइड पाण्यात फार थोडे विरघळते आणि द्रावण जेमतेम आम्लारिधर्मी होते. ॲल्युमिनिअमचे ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, पण आम्लात विरघळून ॲल्युमिनिअमचे क्षार आणि अल्कलीत विरघळून ॲल्युमिनेट देते; म्हणूनच त्याला उभयधर्मी म्हणतात. सिलिकॉनचे ऑक्साइड, म्हणजे वाळूतील सिलिका, सर्वसाधारण आम्लांना जुमानत नाही, मात्र वितळलेल्या अल्कलीत सिलिकेट बनवते. फॉस्फरसचे पेंटॉक्साइड पाण्यात पडताच फुसफुसत फॉस्फरिक आम्ल तयार होते, गंधकाच्या ट्रायऑक्साइडपासून सल्फ्युरिक आम्ल होते आणि क्लोरीनच्या हेप्टॉक्साइडपासून परक्लोरिक आम्ल. सलग सात मूलद्रव्यांत कोठेही एकदम उडी नाही. अणूची पकड जसजशी घट्ट होत जाते तसतसा ऑक्साइडाचा आम्लारिधर्म ओसरतो आणि आम्लधर्म वाढतो. प्रश्नात अपवाद म्हणून आलेले ॲल्युमिनिअम या ओळीत नेमके जिथे असायला हवे तिथेच बसले आहे.

दोन टोके स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असतील तर मॅग्नेशिअम आणि गंधक घ्यावेत. मॅग्नेशिअमची फीत डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या प्रकाशात जळते, त्यामुळे ज्योतीकडे थेट पाहू नये. उरलेली पांढरी, चुरगळणारी राख काचेच्या लहान बशीत घेऊन तिच्यावर दोन थेंब पाणी टाकावे आणि ओला तांबडा लिटमस टेकवावा. राख जिथे कागदाला चिकटते तिथे आधी निळसर कड उमटते आणि मग ती सावकाश पसरते. गंधक मात्र फ्यूम हूडमध्येच (विषारी वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटातच) जाळावा. ज्वलन पळीतला वितळलेला गंधक फिकट निळ्या ज्योतीने जळतो, वायुपात्रात घसा धरणारा सल्फर डायऑक्साइड भरतो, आणि तळाशी ठेवलेले चमचाभर पाणी हलवून त्यात निळा लिटमस बुडवला की तो तत्काळ तांबडा होतो. दोन बदलांच्या वेगातला फरक विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावा; तो दोन ऑक्साइडांच्या विद्राव्यतेतला फरक आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष झाले की पुढचा घोटाळा होतो.

तो घोटाळा मी वर्गात वारंवार पाहिला आहे. विद्यार्थी तांब्याचे काळे ऑक्साइड पाण्यात ढवळतो, लिटमस बुडवतो, रंग बदलत नाही, आणि वहीत लिहितो की तांब्याचे ऑक्साइड उदासीन आहे. निरीक्षण अचूक असते, पण निष्कर्ष चुकतो. ते ऑक्साइड पाण्यात विरघळलेच नाही, त्यामुळे लिटमसला सांगण्याजोगे काही द्रावणात आलेच नाही. तीच काळी पूड विरल सल्फ्युरिक आम्लात टाकून हलके तापवली की हळूहळू नाहीशी होते आणि मोरचुदाचे निळे द्रावण तयार होते. आम्लाशी अभिक्रिया होऊन क्षार आणि पाणी मिळाले, म्हणजे ऑक्साइड आम्लारिधर्मी ठरले. सिलिकाच्या बाबतीत हीच चूक उलट दिशेने होते: वाळू लिटमस बदलत नाही, तरीही ती आम्लधर्मी ऑक्साइडच आहे, कारण ती अल्कलीशी संयोग पावते. लिटमस ही विद्राव्य पदार्थांची सोयीची चाचणी आहे. ऑक्साइडाचा खरा स्वभाव ते आम्लाशी संयोग पावते की आम्लारीशी, यावरून ठरवावा.

कार्बन मोनॉक्साइडाचे म्हणाल, तर ते, नायट्रस ऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड ही अधातूंची मोजकी उदासीन ऑक्साइडे आहेत. ती पाण्याशी संयोग पावून आम्ल बनवत नाहीत आणि साध्या परिस्थितीत अल्कलीशीही अभिक्रिया करत नाहीत. दाबाखाली, तापवलेल्या सोडिअम हायड्रॉक्साइडाशी मात्र कार्बन मोनॉक्साइडाची अभिक्रिया होऊन सोडिअम फॉर्मेट तयार होते, म्हणजे झुकायचेच झाले तर ते आम्लाच्या बाजूने झुकते. अधातूचे साधे ऑक्साइड आम्लारिधर्मी असल्याचे उदाहरण मात्र तुम्हाला सापडणार नाही, आणि तक्त्यातले विधान याच अर्थाने वाचावे.

धातूंच्या बाजूने आणखी एक दुरुस्ती हवी. एकाच धातूची अनेक ऑक्साइडे असतील, तर ऑक्सिडीकरण अंक (संयुगात अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले किंवा मिळवले असे धरायचे, तो अंक) वाढेल तसा आम्लधर्म वाढतो. क्रोमिअमचे +2 अवस्थेतील ऑक्साइड आम्लारिधर्मी, +3 मधील हिरवे ऑक्साइड उभयधर्मी आणि +6 मधील तांबडे ट्रायऑक्साइड आम्लधर्मी आहे. ते पाण्यात विरघळून क्रोमिक आम्ल देते. मँगनीजचे +7 अवस्थेतील हेप्टॉक्साइड तर खोलीच्या तापमानाला तेलकट द्रव असते आणि स्फोटक असते, म्हणून ते बनवण्याच्या फंदात कोणी पडू नये. परिचयाचे पोटॅशिअम परमँगनेट हे त्या ऑक्साइडाशी संबंधित परमँगॅनिक आम्लाचा क्षार आहे. कारण पुन्हा पकडीचेच आहे: सहा-सात इलेक्ट्रॉनांवरचा ताबा गेलेला मँगनीज किंवा क्रोमिअम ऑक्सिजनकडचे इलेक्ट्रॉन इतक्या जोराने ओढतो की तो त्या संयुगात अधातूसारखा वागतो. त्यामुळे 'धातूंची ऑक्साइडे आम्लारिधर्मी असतात' या वाक्यात 'कमी ऑक्सिडीकरण अंकाची' हे शब्द जोडले तर ते बरेच निर्दोष होते.

क्लोराइडे आणि हायड्राइडे हाच क्रम वेगळ्या भाषेत सांगतात. मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळते आणि पाण्यात फक्त आयनांत विलग होते. ॲल्युमिनिअम क्लोराइडाचे द्रावण लक्षणीय आम्लधर्मी असते. सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि फॉस्फरस पेंटाक्लोराइड पाण्याशी जोरदार अभिक्रिया करतात आणि हायड्रोजन क्लोराइडाचे धुरकट लोट उठतात. म्हणजे धातूचे क्लोराइड बहुधा पाण्यात विरघळते, तर अधातूचे क्लोराइड बहुतेक वेळा पाण्यात टिकत नाही. कार्बन टेट्राक्लोराइड याला अपवाद आहे. त्याच्या मध्यावरचा कार्बन अणू लहान असल्याने पाण्याच्या रेणूला त्याच्यापर्यंत पोचायला वाट मिळत नाही.

हायड्राइडांत मला स्वतः हायड्रोजनची भूमिका अभ्यासण्याजोगी वाटते. कॅल्शिअम हायड्राइडात हायड्रोजन ऋण आयन असतो, आणि पाणी लागताच हायड्रोजन वायू व कॅल्शिअम हायड्रॉक्साइड तयार होतात. हायड्रोजन क्लोराइडात तोच हायड्रोजन अंशतः धनप्रभारित असतो आणि पाण्याला प्रोटॉन देऊन आम्ल बनवतो. समोर धातू आला की हायड्रोजन इलेक्ट्रॉन घेतो आणि अधातू आला की त्याचा इलेक्ट्रॉन ओढला जातो. त्याची विद्युतऋणता 2.20 असल्यामुळे असेच घडणार, आणि म्हणून पहिल्या गणाच्या डोक्यावर लिहिला असूनही त्याला धातू समजू नये. त्याची आयनीभवन ऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, मोलमागे 1312 किलोज्यूल आहे, जवळजवळ ऑक्सिजनइतकी.

पाणी आणि आम्ले यांच्याशी होणाऱ्या अभिक्रियांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे धातू हायड्रोजन आयनाला इलेक्ट्रॉन देतो आणि हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून अभिक्रिया होण्यासाठी त्या धातूची पकड हायड्रोजनपेक्षा सैल असावी लागते. इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याचा कल व्होल्टमध्ये मोजणाऱ्या प्रमाण इलेक्ट्रोड विभवांत हायड्रोजन शून्यावर धरला, तर जस्त उणे 0.76 व्होल्टवर, लोखंड उणे 0.44 वर, तांबे अधिक 0.34 वर आणि चांदी अधिक 0.80 वर येते. शून्याच्या खालचे धातू विरल हायड्रोक्लोरिक आम्लातून हायड्रोजन काढू शकतात, वरचे काढू शकत नाहीत. तांबे स्वस्थ पडून राहते यात तक्त्याचा भंग झालेला नाही. तक्त्यात 'अभिक्रियाशीलता श्रेणीत हायड्रोजनच्या वर असलेले' एवढे शब्द गाळले गेले आहेत; या श्रेणीत उणे विभवाचे धातू हायड्रोजनच्या वर लिहितात. पाण्याच्या बाबतीत सोडिअम आणि पोटॅशिअम थंड पाण्याशी, मॅग्नेशिअम गरम पाण्याशी आणि लोखंड तापलेल्या अवस्थेत वाफेशी अभिक्रिया करते. अधातू यांपैकी कोणतीही गोष्ट या पद्धतीने करत नाहीत. फ्लुओरीन पाण्याशी भिडतो तो पाण्यातील ऑक्सिजनकडूनच इलेक्ट्रॉन काढून घेण्यासाठी, आणि त्यात हायड्रोजनऐवजी ऑक्सिजन सुटतो. अतितप्त कार्बन वाफेतून हायड्रोजन काढतो हे खरे, पण तेथे कार्बनला धन आयन व्हावे लागत नाही. तो ऑक्सिजनशी सहसंयुज (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीचा) बंध जोडून कार्बन मोनॉक्साइड होतो.

नायट्रिक आम्लाचे प्रकरण निराळे असल्याने त्याची सरमिसळ इतर आम्लांशी करू नये. त्यातील नायट्रेट आयन हायड्रोजन आयनापेक्षा अधिक प्रभावी ऑक्सिडक (इलेक्ट्रॉन काढून घेणारा) आहे, म्हणून धातूने दिलेले इलेक्ट्रॉन बहुतांशी तोच घेतो आणि हायड्रोजनऐवजी नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात. तांबेही यात विरघळते: संहत आम्लात तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड आणि विरल आम्लात मुख्यतः रंगहीन नायट्रिक ऑक्साइड मिळते, जे परीक्षानळीच्या तोंडाशी हवा लागताच तपकिरी होते. हे वायू विषारी आहेत, म्हणून हेही फ्यूम हूडमध्येच करावे. लक्षणीय बाब अशी की गरम संहत नायट्रिक आम्ल अधातूंवरही हल्ला करते; गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल, फॉस्फरसचे फॉस्फरिक आम्ल आणि आयोडीनचे आयोडिक आम्ल होते. एकाच ऑक्सिडकासमोर धातू आपल्या धन आयनाचा क्षार देतो आणि अधातू स्वतःचे ऑक्सिआम्ल देतो. तुलना शिकवायला इतके सुटसुटीत उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल, तरी पाठ्यक्रमात ते बहुधा विखुरलेले असते.

अल्कलीसमोर ॲल्युमिनिअम आणि जस्त हायड्रोजन सोडतात, हे प्रयोगात पाहण्यासारखे आहे. ॲल्युमिनिअमच्या वर्खाचा तुकडा सोडिअम हायड्रॉक्साइडाच्या द्रावणात टाकला की आरंभी काहीच होत नाही. मग कडेला बारीक बुडबुडे दिसू लागतात, पाहता पाहता ते वाढतात आणि नळी हाताला गरम लागते. सुरुवातीच्या शांततेत अल्कली ॲल्युमिनिअमवरचा ऑक्साइडाचा पातळ थर विरघळवत असते; थर गेला की खालचा धातू उघडा पडतो. सिलिकॉनही गरम अल्कलीतून हायड्रोजन सोडतो आणि सिलिकेट बनवतो, म्हणजे अल्कलीतून हायड्रोजन सुटणे हे काही निव्वळ धातूंचे लक्षण नाही. खरे अधातू येथे आणखी वेगळे वागतात. क्लोरीन थंड विरल सोडिअम हायड्रॉक्साइडात गेला की त्याचा एक अणू क्लोराइड होतो आणि दुसरा हायपोक्लोराइट, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे क्षपण (इलेक्ट्रॉन मिळणे) आणि ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन जाणे) एकाच वेळी घडते. पांढरा फॉस्फरस गरम अल्कलीत याच रीतीने फॉस्फीन आणि हायपोफॉस्फाइट देतो. असे दोन्ही दिशांना फुटणे अधातूंना जमते, कारण त्यांना ऋण आणि धन दोन्ही ऑक्सिडीकरण अंक उपलब्ध असतात. धातूंना सर्वसाधारण रसायनशास्त्रात ऋण अंक मिळत नाहीत. माझ्या मते हा फरक तक्त्यात पहिल्या दोन-तीन ओळींत यायला हवा.

यावरूनच धातू क्षपणक आणि अधातू ऑक्सिडक, या विधानाची मर्यादा समजते. धातू मूलद्रव्य म्हणून अभिक्रियेत उतरतो तेव्हा तो इलेक्ट्रॉन देतो. हे विधान भक्कम आहे. लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या द्रावणात ठेवला की त्यावर तांबूस थर चढतो तो यामुळेच. अधातूचे वागणे मात्र जोडीदारावर अवलंबून असते. क्लोरीन पोटॅशिअम ब्रोमाइडातून ब्रोमीन मुक्त करतो, तेथे तो ऑक्सिडक आहे. कार्बन तापलेल्या झिंक ऑक्साइडातून जस्त मुक्त करतो आणि हायड्रोजन तांब्याच्या ऑक्साइडातून तांबे, तेथे ते क्षपणक आहेत. गंधक लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेऊन आयर्न सल्फाइड बनवतो, पण ऑक्सिजनसमोर त्याला नमते घ्यावे लागते, आणि स्वतः ऑक्सिजनलाही फ्लुओरीनसमोर धन ऑक्सिडीकरण अंक पत्करावा लागतो. टोकाच्या मूलद्रव्यांच्या बाबतीत तर त्यांना संयुगातून सोडवणारा प्रबळ जोडीदारच सापडत नसे. हम्फ्री डेव्ही यांनी 1807 साली पोटॅशिअम आणि सोडिअम वेगळे केले ते विद्युत अपघटनाने, म्हणजे विजेने संयुग फोडून, आणि आंरी म्वासाँ यांनी 1886 साली फ्लुओरीन मिळवला तोही विद्युत अपघटनानेच. धातू ऋणाग्रावर आला, अधातू धनाग्रावर. आयनांचे प्रभार जसे होते तसेच ते ओढले गेले.

आणखी एका गल्लतीविषयी सावध करतो, कारण चांगले विद्यार्थीही तिच्यात सापडतात. धातुगुण किंवा अधातुगुण किती आहे हा एक प्रश्न आणि अभिक्रिया किती वेगाने होते हा दुसरा. लिथिअमचे प्रमाण विभव उणे 3.04 व्होल्ट आहे, म्हणजे सोडिअमच्या उणे 2.71 पेक्षाही खाली, तरी पाण्यात लिथिअम संथ वागतो आणि सोडिअम सैरावैरा पळतो. सोडिअम सुमारे 98 अंशांना वितळतो, त्यामुळे अभिक्रियेच्या उष्णतेत त्याचा गोळा होऊन सतत नवा पृष्ठभाग उघडा पडतो. लिथिअम वितळायला सुमारे 180 अंश लागतात. ॲल्युमिनिअम विभवाच्या मानाने जस्तापेक्षा कितीतरी अभिक्रियाशील असला पाहिजे, पण ऑक्साइडाचा थर त्याला झाकून ठेवतो. नायट्रोजनची विद्युतऋणता 3.04 असूनही वायू म्हणून तो निवांत राहतो, कारण त्याच्या रेणूतील तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे 945 किलोज्यूल लागतात. अशी उदाहरणे अपवाद म्हणून पाठ करण्यापेक्षा अडथळा नेमका कोणता आहे हे विचारावे.

सीमारेषा पुसट होण्याचे एक टोकाचे उदाहरण सोन्याचे आहे. त्याची विद्युतऋणता 2.54, म्हणजे कार्बनच्या 2.55 ला जवळजवळ भिडलेली. सीझिअमशी संयोग झाला की सोने इलेक्ट्रॉन घेते आणि सीझिअम ऑराइड नावाचे क्षारासारखे संयुग तयार होते, ज्यात सोने ऋण आयन असते. तरीही सोन्याला आपण धातूच म्हणतो आणि ते योग्यच आहे. असे वागायला त्याला सीझिअमसारखा अतिशय सैल पकडीचा जोडीदार लागतो. गणात वरून खाली येतानाही हाच संथ बदल दिसतो. पंधराव्या गणातील +3 अवस्थेची ऑक्साइडे पाहिली, तर नायट्रोजन आणि फॉस्फरसची आम्लधर्मी, अर्सेनिक आणि अँटिमनीची उभयधर्मी, आणि बिस्मथचे आम्लारिधर्मी असते. अणू मोठा होत गेला आणि पकड सैल होत गेली.

एखादे अनोळखी मूलद्रव्य हाती आले आणि ते कोणत्या बाजूचे हे रासायनिक कसोटीने ठरवायचे झाले, तर मी त्याचे ऑक्साइड बनवून त्याचे दोन भाग करीन. एक भाग विरल आम्लात आणि दुसरा अल्कलीच्या द्रावणात, दोन्ही हलके तापवून. फक्त आम्लात विरघळले तर ते धातूच्या बाजूचे, फक्त अल्कलीत विरघळले तर अधातूच्या बाजूचे, आणि दोन्हींत विरघळले तर सीमेजवळचे. कोठेच विरघळले नाही तर निकाल देण्याची घाई न करता ते वितळलेल्या अल्कलीत टाकून पाहीन, कारण सिलिका आणि जोरात भाजलेले ॲल्युमिना ही दोन्ही पहिल्या चाचणीत गप्प राहतात. त्यानंतर क्लोराइड बनवून त्यावर फ्यूम हूडमध्ये पाण्याचा एक थेंब टाकीन, आणि ते निमूट विरघळते की धुमसते ते पाहीन.